मातीत गेलेली फिल्म

फुगा उभा राहिला आणि इर्मेलीने श्वास रोखून धरला.

यंत्राच्या गोल तोंडातून स्टार्चचं वितळलेलं प्लास्टिक वर चढत होतं, आतल्या हवेने फुगत होतं. आजवर हा फुगा माणसाच्या उंचीला पोचला की फाटायचा. संशोधन सायलाचं होतं. ती शेजारी ओठ चावत उभी होती. मातीत विरणारी फिल्म कुजते छान, पण फाटतेही लवकर. तिला बळ यावं म्हणून सायला त्यात लाकडाचे तंतू घालत होती, केसाच्या हजाराव्या हिश्शाइतके बारीक. ते वाळवले की एकमेकांना चिकटायचे, आणि जिथे गुठळी तिथे भोक. या खेपेला तिने ते वाळवलेच नव्हते; ओला लगदाच स्टार्चबरोबर शिजवला होता. हेही फसलं तर काम बंद करा, असं वरून सांगून झालं होतं.

फुगा डोक्यावरून गेला. छताजवळच्या रुळांत शिरून चपटा झाला आणि फिल्म गुंडाळली जाऊ लागली. सायलाने काही बोलायला तोंड उघडलं.

"गप्प बस," इर्मेली म्हणाली. "दृष्ट लागेल."

रीळ भरल्यावर दोघींनी एक तुकडा दोन बाजूंनी धरून दातओठ खाऊन ओढला. तो फाटेना, आणि यांचं हसू आवरेना.

इर्मेलीची उभी हयात प्लास्टिकच्या पिशव्यांच्या कारखान्यात गेली होती. तो बंद पडल्यावर ती तांपेरे शहरातल्या या प्रयोगशाळेत यंत्र चालवायला आली. तिचा थोरला भाऊ तावी तळ्याकाठच्या स्याक्युला गावात लोणच्याच्या काकड्या लावायचा. दर शरदात तो तण दाबायला वाफ्यांवर अंथरलेलं काळं प्लास्टिक ओढून काढायचा, तरी चिंध्या मातीत राहायच्याच. आदल्या वर्षी तिने मोठ्या हौसेने त्याला मातीत विरणारी फिल्म दिली, तर ती जूनच्या वाऱ्यातच फाटली आणि तणाने काकडी गिळली. तेव्हापासून तो येईल-जाईल त्याला सांगायचा, की बहिणीने मला पतंगाचा कागद दिला होता.

तरी नवं रीळ त्याने घेतलं. कुरकुरत का होईना, वाफ्यांवर अंथरलं.

जुलैत मोठं वादळ झालं. इर्मेलीने सकाळीच फोन लावला. शेजाऱ्याच्या सौनाचे, म्हणजे वाफाऱ्याच्या न्हाणीघराचे, पत्रे उडाल्याचं तावीने रंगवून सांगितलं. फिल्मचं नावच काढेना.

"तावी, माझा जीव टांगणीला लावू नकोस."

"आहे जागच्या जागी," तो म्हणाला. "तण नाही गं एक. मी दोनदा फिरून आलो."

ती धावतच सायलाच्या खोलीत गेली. प्रयोगशाळेत धावायला मनाई होती, पण त्या दिवशी तिला कुणी हटकलं नाही. ऑगस्टभर तोडणारे संथ चालणाऱ्या गाडीच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या लांब फळ्यांवर पालथे पडून काकड्या खुडत होते, आणि फिल्म टिकून होती. पहिल्या हिमानंतर तावीने सगळं तसंच नांगरून टाकलं.

मे महिन्यात सायला आणि इर्मेली चाळण्या घेऊन तावीकडे आल्या. तिघं वाफ्यावर गुडघे टेकून बसली. सायला माती चाळत होती, ढेकूळ फोडून बघत होती, पुन्हा चाळत होती. तिचे गाल लाल झाले होते. गांडुळं निघाली, मुळं निघाली. फिल्म कुठेच नव्हती.

"म्हणजे दाखवायला काहीच उरलं नाही?" तावीने विचारलं.

"काहीच नाही," सायला म्हणाली आणि तिने त्याला मिठीच मारली. तो एवढा बावरला की दोघींना कॉफी पाजतो म्हणत घराकडे निघाला. सायला त्याच्यामागे बोलत बोलत गेली.

इर्मेली मागे राहिली. या उन्हाळ्यात ती निवृत्त होणार होती. आयुष्यभर काढलेल्या पिशव्या कुठे ना कुठे न कुजता पडून असतीलच, हे तिला ठाऊक होतं. तिने उकरलेली माती खड्ड्यात लोटली, तळव्याने हलकेच थापली, आणि वरचे बोटांचे ठसेही पुसून टाकले.