चौतीस नंबरचा नळ

मित्रांनो, मी ओतीव लोखंडाचा एक जुना नळ आहे. बिश्केक शहराच्या कडेला, जिथे पूर्वी मक्याचं शेत होतं, तिथे मी उभा आहे. माझ्या अंगावर पाणीखात्याने चौतीस हा आकडा घातला आहे. या वस्तीत सरकारने लावलेली पहिली वस्तू मी, आणि कित्येक वर्षं शेवटचीही मीच होतो.

डोंगरातली माणसं कामाच्या शोधात शहराकडे येत राहिली. एका उन्हाळ्यात चाळीस घरं होती, पुढच्या उन्हाळ्यात चारशे. शाळा नाही, दवाखाना नाही, वस्ती नकाशावरसुद्धा नाही. सरकारी कचेरीत एका खिडकीवर सांगत, "आधी नोंदणी करा," आणि दुसऱ्या खिडकीवर, "आधी पत्ता आणा." माझी पाइपलाइनही लोकांनीच खणली. याला ते आशार म्हणतात. सगळ्यांनी मिळून फुकट राबायचं आणि शेवटी भरपेट पुलाव खायचा! हिवाळ्यात मी गोठू नये म्हणून त्यांनी मला लोकरीच्या जाड, जुन्या नमद्यात गुंडाळलं. ते उपकार मी विसरलेलो नाही.

पण ही माणसं भांडायलाही कमी नव्हती. सात पिढ्यांची नावं तोंडपाठ असलेली मंडळी ती! गल्लीला नाव द्यायची वेळ आली, तेव्हा एकाच गल्लीत आपापल्या पूर्वजांच्या नावाच्या दोन पाट्या लागल्या. नारिनहून आलेले तोक्तोबेक आजोबा माझ्यापाशी कॅन भरताना गरजले, "माझ्या पणजोबांचंच नाव राहील!"

"तुमचे पणजोबा इकडे कधी आले होते हो? घोडा वाट चुकला होता का?" तालासच्या झूराकान आजींनी विचारलं. सगळी रांग हसली. आजींनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पणजोबांची पाटी अजून मोठी केली.

मग जानेवारीत, भर दुपारी, आजींच्या सुनेला, बेर्मेतला, वेळेआधीच कळा सुरू झाल्या. रक्त थांबेना. आजींनी रुग्णवाहिका बोलावली आणि पत्ता म्हणून आपल्या पणजोबांचं नाव सांगितलं. गाडी बर्फात फिरत राहिली. "आजी, अशी गल्ली कुठेच नाही!" फोनवरची बाई वैतागली. आजी फोन घेऊन रस्त्यावर धावत आल्या. त्या रडत होत्या.

रांगेतल्या तोक्तोबेक आजोबांनी फोन हिसकावला. "अहो, चौतीस नंबरचा नळ! पाणीखात्याला विचारा, त्यांच्या कागदावर आहे. मी तिथेच उभा राहतो." मग ते माझ्या चौथऱ्यावर चढले आणि डोक्यावरची टोपी काढून हलवत राहिले. गाडी आली, बर्फात रुतली. सगळ्या रांगेने कॅन टाकून ती ढकलली. बेर्मेत वाचली आणि मुलगीही वाचली. त्या दिवशी मला माझ्या आकड्याचा फार अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी स्वतःच आपली पाटी उतरवली. "पणजोबा रागावतील हं," आजी हळूच म्हणाल्या.

"रागवू देत. पोरगी वाचली ना?"

आजींनीही आपली पाटी काढली, पाटीच्या मागच्या बाजूला खडूने 'नळ ३४' लिहिलं आणि ती पुन्हा टांगली. त्याच पत्त्यावर पत्रं येऊ लागली, अर्ज गेले, आणि खूप खेटे घातल्यावर वस्तीची नोंद झाली. बेर्मेतच्या मुलीचं, आयझाराचं, शाळेत नाव घातलं, तेव्हा पत्त्याच्या जागी मीच होतो.

आता घराघरांत पाणी आलं. माझ्याकडे दिवसदिवस कुणी फिरकत नाही. गेल्या वर्षी मला उपटायला माणसं आली, तेव्हा झूराकान आजी उपडा कॅन ठेवून माझ्यासमोर बसल्या. "याला काढलंत, तर आम्ही राहायचं कुठे?" माणसं हसली आणि परत गेली.

मित्रांनो, माझा दांडा हलकेच सोडा आणि थेंब वाया घालवू नका. आणि शहरात नवीन आलेलं कुणी माझ्यापाशी गोंधळून उभं दिसलं, तर त्याला आधी पाणी द्या. पत्ता नंतर विचारा.