सरूबाईची रुंद बुडाची कयाक

मित्रांनो, केजकडच्या धरणावर मला कुणी घमेलं म्हणतं, कुणी परात म्हणतं. म्हणू द्या. मी कयाक आहे, एकट्या माणसानं वल्ह्यानं चालवायची प्लास्टिकची होडी. मी जुनी झाले आहे, पण भंगारात जायला अजून तयार नाही.

तापत्या साच्यात प्लास्टिक वितळलं आणि माझं केशरी अंग तयार झालं. सुरुवातीची वर्षं दूरच्या एका पर्यटन केंद्रात गेली. सुट्टीला आलेली माणसं माझ्यावर बसून फोटो काढायची. पुढं केंद्र बंद पडलं आणि मला पत्र्याच्या शेडमागं पालथं टाकलं. तीन उन्हाळे मी तिथं तापत पडले. रंग उडाला, पण अंगाला एकही तडा जाऊ दिला नाही.

एक दिवस सरूबाई आणि तिचा नवरा जालिंदर जुनी होडी विकत घ्यायला तिथं आले. जालिंदर थर्माकोलच्या तराफ्यावरून मासे धरायचा. आदल्या वर्षी वाऱ्यात तराफा मधोमध मोडला, आणि बुडालेल्या बाभळीचा शेंडा धरून तो दुपारभर पाण्यात लटकला. तेव्हापासून तो गुडघाभर पाण्याच्या पुढं जात नव्हता. म्हणून सरूबाईनं ठरवलं होतं, आता जाळं आपण टाकायचं.

राखणदार विलासनं तीन कयाक पाण्यात सोडल्या.

"ही निळी घ्या, मावशी. लई पळती," तो म्हणाला.

निळी लांब आणि सडपातळ होती. सरूबाई तिच्यात बसली, जाळं ओढल्यासारखी एका अंगाला वाकली आणि सरळ पाण्यात गेली. दुसरी, लाल, दोन माणसांची होती. ती एकटीला उचलेना. मग ओल्या लुगड्यानिशी सरूबाई माझ्यात बसली. वाकली. उभी राहिली. मी जराशी कलले आणि पुन्हा जागेवर आले.

"हिच्या बुडाला भोकं हायती की," जालिंदर विलासला म्हणाला.

"आरपार हायती, मामा. पोट बंद हाय. वर आलेलं पाणी त्यातनं खाली जातं. पण ही पळत न्हाई, आधीच सांगतो."

"मला कुठं शर्यत लावायची हाय?" सरूबाई म्हणाली. "हीच द्या."

माझ्यासारख्या रुंद होडीला आखूड वल्हं पुरत नाही, म्हणून तिनं सगळ्यात लांब वल्हं निवडलं. पाण्यावर तरंगवणारं जाकीट मात्र जालिंदरनं पारखलं. तिच्या अंगात घालून त्यानं जाकिटाचे खांदे वर ओढून पाहिले. दोन जाकिटं कानापर्यंत सरकली. तिसरं हललं नाही, तेच त्यानं ठेवलं.

मला धरणावर आणलं, तेव्हा मासेमारांच्या सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव आडवे आले.

"बाईमाणसानं धरणात जायाचं न्हाई. काय झालं तर जबाबदार कोण?"

"माझं नाव सभासदांत हाय," सरूबाई म्हणाली. "बायांनी जायाचं न्हाई, हे कुठं लिवलंय ते दावा."

अर्जुनराव बाजूला झाले. तिनं जाकिटाचे पट्टे आवळले आणि मला पाण्यात लोटलं. काठावरचे हसत होते. मी मुद्दाम सावकाश गेले.

पहिले काही दिवस रोहू बरा मिळाला. मग एका दुपारी वारा सुटला. नवं जाळं पाण्याखालच्या झाडात अडकलं आणि लाटा मला दुसरीकडं ढकलू लागल्या. सरूबाई जाळं सोडेना. माझी एक कड पाण्याखाली गेली. पाणी वर आलं, भोकांतून गेलं, पुन्हा आलं. माझं बूड किती वेळ तग धरेल, हे मलाही कळत नव्हतं. काठावर जालिंदर कमरेएवढ्या पाण्यात येऊन उभा होता. तिनं त्याच्याकडं एकदा पाहिलं, चाकू काढला आणि जाळं कापलं.

काठाला लागल्यावर कुणीतरी म्हणालं, "नवंकोरं जाळं घालवलं की."

"जाळं गेलं. मी आले ना?" ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती जुनं जाळं घेऊन पुन्हा निघाली.

यंदा दिवाळीनंतर सरूबाईला ताप आला. तीन दिवस मी काठावर पडून होते. चौथ्या सकाळी जालिंदर एकटाच आला. ते जाकीट त्यानं अंगात घातलं, पट्टे सैल करून आपल्या मापाचे केले. माझ्या कडेवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मग बसला. त्याचं सगळं अंग ताठ झालेलं मला कळत होतं. मी अजिबात हलले नाही. त्याच बुडालेल्या बाभळीच्या शेंड्यापर्यंत तो गेला, तिथं जाळं टाकलं आणि परत आला.

मित्रांनो, मला खडकावरून ओढू नका, उन्हात पालथी टाकून विसरू नका. जाकीट घातल्याशिवाय माझ्यात पाय ठेवू नका. एवढं सांभाळा. मग कुणी घमेलं म्हणालं, तर त्याला खुशाल सांगा, सरूबाई परत आली ती ह्याच घमेल्यातून.