टाक्याचा खरा तळ

कोरड्या गोल टाक्यात उतरून उस्ता मुक्बिल या गवंड्यानं मापाची दोरी टाकली. रुंदी दहा हात, खोली चार. म्हणजे गिलावा दोनशे चार चौरस हात. आणि काठावरच्या दगडात त्याच्या आज्यानं कोरून ठेवलेलं: भिंती नि तळ मिळून तीनशे तीस!

"मुक्बिल, तुझ्या आज्यानं दगडावरसुद्धा थापा मारल्या की रे!" वरून शेख हिजाम ओरडला. "लबाडाच्या नातवाला काम कशाला द्यायचं? दुसरा उस्ता आणतो मी!"

काठावरची माणसं फिदीफिदी हसली. मुक्बिलच्या अंगाची लाही लाही झाली. मेल्या म्हाताऱ्या, सात पिढ्यांच्या तोंडाला काळं फासलंस, असं तो पुटपुटला.

त्याची मुलगी अरवा गावच्या शाळेत गणित शिकवायची. ती पायरीवरून म्हणाली, "बाबा, शिव्या मग द्या. पणजोबा खरं बोलले असं धरून बघा ना! तीनशे तिसातून तळाचे अठ्ठ्याहत्तर गेले, उरले दोनशे बावन्न. ती झाली भिंत. घेर आहे साडेएकतीस. भागा."

मुक्बिलनं बोटांवर हिशेब केला, परत केला. "आठ? अगं, खोली आठ हात कशी असेल? मग मी उभा कशावर आहे?"

तरी त्यानं पहार उचलली. दोन घावांत चुन्याचा थर फुटला आणि खाली निघाला निव्वळ गाळ! मुक्बिलच्या पायाखालची जमीनच सरकली. हा थर त्याच्याच हातचा होता. बावीस वर्षांपूर्वीच्या पुरानंतरचं त्याचं पहिलं काम.

तो वेड्यासारखा खणत राहिला. अरवा टोपल्या भरून वर देत होती. चौथ्या दिवशी, बरोबर आठ हातांवर, पहार खणकन वाजली. पांढराशुभ्र तळ, एक चीर नाही.

"या अल्ला!" शेखनं डोक्याला हात लावला. "म्हातारा शब्दाचा पक्का निघाला, मुक्बिल! मी आपला उगाच बरळलो. पण गाळावर चुना फासणारा तो गाढव कोण?"

"मी," मुक्बिल म्हणाला. "गाळ वाळून दगड झाला होता. मला तोच तळ वाटला."

कुणी हसलं नाही. गाढव धरून उभी असलेली म्हातारी सईदा पुढं आली नि टाक्यात बघत राहिली.

"बावीस उन्हाळे, मुक्बिल," ती म्हणाली. "अर्धं टाकं लवकर आटायचं, नि बावीस उन्हाळे आम्ही दरीतून पाणी वाहिलं रे."