प्लॅस्टिकला आधी काय लावायचं

जावयाने बंपर काढून गच्चीत जुन्या चादरीवर मांडला, तशी उस्तादांनी खुर्ची दारात ओढून घेतली. चाळीस वर्षं त्यांनी गाड्या रंगवल्या होत्या. हात थरथरायला लागला म्हणून स्प्रेगन खाली ठेवली. जीभ मात्र होती तशीच होती. लेकीच्या गाडीचा बंपर खांबाला घासला होता आणि जावईबापूंनी तो घरीच रंगवायचा घाट घातला होता. ज्याला भिंतीत खिळा सरळ ठोकता येत नाही, तो गाडी रंगवणार.

सकाळी त्याने विचारलं तरी होतं. हातातल्या मोबाईलवरचा व्हिडिओ थांबवून म्हणाला, "बाबा, प्लॅस्टिकला रंगाच्या आधी काही लावावं लागतं का?"

चाळीस वर्षांची विद्या अशी उभ्या उभ्या मागायची असते का? उस्तादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमच्या मोबाईलमधल्या गुरुजींनाच विचारा ना," ते म्हणाले. तो बिचारा वरमून निघून गेला, आणि उस्तादांना फार बरं वाटलं.

मग तमाशा सुरू झाला. जावईबापूंनी बंपर चमकावा म्हणून आधी त्याला डॅशबोर्डचं तेलकट पॉलिश चोळलं. त्यावर पॉलिशपेपर असा फिरवला, जणू तान्ह्या बाळाची पाठ चोळतायत. पत्र्यावर रंग बसतो, प्लॅस्टिकवर तो बसवावा लागतो. त्यासाठी वेगळा प्रायमर येतो, हे त्याच्या गावीही नव्हतं. एक शब्द बोलायचा अवकाश होता. उस्तादांनी तो चहाबरोबर गिळला. परत येऊन नीट विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण अडलंय कुणाचं? त्याने रंगाचा डबा बंपरच्या नाकाशी धरून फवारला आणि जागोजागी ओघळ आले. वाहत्या नाकाचं पोर बरं दिसेल, असं उस्तादांना वाटलं.

हे सगळं ते मनात साठवत होते. रोज दुपारी चार वाजता ते जुन्या गॅरेजात चहाला जात. तिथे आता त्यांचाच चेला मालक होता. उस्ताद दिसले की तो उठून उभा राहायचा आणि कामगारांना सांगायचा, "यांना नुसतं बोट फिरवलं तरी रंगाची जात कळते." दिवसाकाठी तेवढीच पंधरा मिनिटं उस्ताद अजून उस्ताद असत. त्या दिवशी तमाशा सोडून ते गेले नाहीत. उद्या तिथे हा बंपर तिखटमीठ लावून वाढायचा, असा त्यांचा बेत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावयाने कडेची चिकटपट्टी ओढली आणि तिच्याबरोबर रंगही आला, दुधावरची साय निघावी तसा, वीतभर. उस्ताद पेपर तोंडापुढे धरून हसले. लेकीने बंपर गाडीत टाकला आणि दोघं निघून गेली.

ती तीनच्या सुमाराला परतली. जावई हात धुवायला आत गेला. लेक वडिलांसमोर उभी राहिली.

"कुठे नेला होता?" उस्तादांनी विचारलं.

"तुमच्याच गॅरेजात. दुसरं कुठलं माहीत आहे आम्हाला?"

हे उस्तादांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तुमच्या चेल्याने नखाने रंग सोलून बघितला. म्हणाला, उस्ताद घरात असताना ही दशा? कामगार हसायला लागले."

उस्ताद खुर्चीत पुढे सरकले. "मग?"

"मग काय. हे म्हणाले, बाबा कालपासून आठवडाभर बाहेरगावी गेलेत, ते नसताना मीच नको तो शहाणपणा केला." तिने गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली. "काल सकाळी त्यांनी तुम्हाला विचारलं होतं, बाबा. मी स्वयंपाकघरात होते, ऐकलंय मी. आता आठवडाभर गॅरेजकडे फिरकू नका. निदान त्यांना खोटं पाडू नका."

तिच्या आवाजातली तुच्छता उस्तादांना चांगलीच ओळखीची होती. तिने ती त्यांच्याकडूनच उचलली होती.

चार वाजता त्यांचे पाय सवयीने चपलेत गेले. त्यांनी ते काढून घेतले आणि परत खुर्चीत बसले. जरा वेळाने जावई चहाचा कप घेऊन आला आणि शेजारी ठेवून गेला. साखर कमी होती. उस्तादांनी चहा मुकाट्याने प्यायला.