भिंगरीच्या गाडीचं मागचं दार

“उघडलं! बघा, आपोआप उघडलं!”

एवढं ओरडून समोरच्या काकूंनी रस्त्यातच बसकण मारली. माझ्या बहिणीच्या घरापुढे भर दुपारी ही गर्दी! कोणी गच्चीवर, कोणी कुंपणाच्या भिंतीवर. एक दुकानदार तर गल्ला उघडा टाकून धावत आला होता. आणि सगळ्यांच्या मध्ये उभी होती बहिणीची जुनी निळी गाडी. तिचं मागचं मोठं दार, कोणी हातही न लावता, झपकन वर गेलं होतं आणि छपरासारखं वरच थांबलं होतं.

गाडीपासून चार पावलांवर मौनीबुवा उभे होते. डावा हात आभाळाकडे, उजवा अंगरख्याच्या खिशात. या माणसाने म्हणे कधीकाळी मौन पाळलं होतं. त्या काळातलं तुंबलेलं सगळं बोलणं तो आता आमच्यावर ओतत होता.

“पोर आली!” बुवा गरजले. “सूक्ष्म देहाने आली, लहरींवर बसून आली! दार उघडलं म्हणजे ‘हो’. मिटलेलं राहिलं म्हणजे ‘नाही’. विज्ञानाला हे कळायला अजून हजार वर्षं लागतील!”

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि हजार वर्षं थांबायची माझी अजिबात तयारी नव्हती. मी तोंड उघडणार तेवढ्यात माझी धाकटी बहीण पुढे झाली. त्या उघड्या दाराखाली, गाडीच्या काठावर बसली, रिकाम्या जागेवरून हात फिरवत हळूच म्हणाली, “भिंगरे, जेवलीस का गं?” मी माझं सगळं बोलणं गिळून टाकलं.

भिंगरी म्हणजे तिची एकुलती एक लेक, माझी भाची. जन्मापासून पायांत बळ नव्हतं. चाकांच्या खुर्चीत बसून स्वतःभोवती अशी गरगर फिरायची की तेच नाव पडलं. आणि जीभ केवढी तिखट! मला म्हणायची, “मावशी, तू चिडलीस ना, की तुझं नाक हलतं.” या थंडीत छातीत कफ भरला आणि ती गेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की कोणाच्या हातात काही नव्हतं. आईबापाच्या मनाला असलं सांगणं पुरतं थोडंच?

त्यानंतर एका दुपारी धाकटी भिंगरीचे कपडे कोणाला तरी द्यायला निघाली. पिशवी घेऊन गाडीमागे गेली आणि किल्लीवरचं बटण दाबलं. एरवी बटण दाबलं की नुसती कडी सुटायची आणि दार दोन्ही हातांनी उचलावं लागायचं. त्या दिवशी ते आपलं आपण वर गेलं. पिशवी तिच्या हातातून गळून पडली. ती तशीच धावत समोरच्या काकूंकडे गेली, आणि काकू धावत बुवांकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गारठ्यात, तिने पुन्हा बटण दाबून पाहिलं. दार बोटभर सुटलं आणि तिथेच राहिलं. “रागावली माझ्यावर,” म्हणत ती दिवसभर उपाशी राहिली. बुवांनी खुलासा केला की सकाळी आत्मा वरच्या पातळीवर असतो, तो दुपारीच खाली उतरतो. आत्म्याचं हे वेळापत्रक बुवांच्या झोपेला अगदी सोयीचं होतं. वर आणखी एक फर्मान निघालं. आईने रडायचं नाही, रडली तर लहरी तुटतात. तेव्हापासून माझ्या बहिणीच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. कोरड्या डोळ्यांनी ती त्या दाराखाली बसून बोलत राहायची आणि ते बघून माझं काळीज फाटायचं.

तर गर्दी जमलेल्या त्या दुपारी बुवांनी दार खाली ओढून बंद केलं आणि आवाज चढवला. “सांग पोरी, तुझा जीव कोणाच्या चुकीने गेला? आईच्या?”

दार मिटलेलं.

“डॉक्टरांच्या?”

मिटलेलं.

“बापाच्या?”

दार झपकन वर!

गर्दीतून ‘अरेरे’ उठलं. भाऊजी, म्हणजे धाकटीचा नवरा, फाटकाशी उभे होते. खिडक्यांची ग्रिलं बनवणारा माणूस, दिवसभर लोखंडाशी झुंजणारा. पण त्या क्षणी कोणी फुंकर मारली असती तरी पडले असते. माणसं त्यांच्याकडे वळून बघायला लागली.

“या घरात पोरीला शांती नाही,” बुवा म्हणाले. “आईने हा माणूस सोडावा, आमच्या आश्रमात यावं. परवा दुपारी पोरीला शेवटचं विचारू. ती हो म्हणाली की निघायचं.”

धाकटीने मान हलवली. मला वाटलं, इथेच त्या बुवाची दाढी धरावी.

आत गेले तर ती कपाटातून साड्या काढत होती.

“अगं, वेड लागलंय का तुला? ज्या माणसाने पोरीला जन्मभर कडेवर वागवलं, त्याला सोडून चाललीस? एका पत्र्याच्या दाराचं ऐकून?”

“दाराचं नाही, ताई. तिचं ऐकून.”

“आणि गाडीची दुसरी किल्ली कुठे आहे?” मी सहज विचारलं. खुंटीवर एकच लटकत होती.

“बुवांकडे. शुद्ध करायला ठेवून घेतलीय.”

हं! म्हणजे उजवा हात खिशात का असतो ते कळलं. मी तडक मागच्या अंगणात गेले. भाऊजी तिथे नुसते बसून होते.

“भाऊजी, तुमच्यावर एवढा आळ घेतला आणि तुम्ही तोंडात मूग गिळून बसलात? त्याच्याकडे किल्ली आहे! चला, आत्ता तिला सांगू.”

“राहू द्या, ताई.” त्यांनी वर पाहिलंही नाही. “तिला तेवढंच उरलंय.”

मी पाय आपटत घरी गेले.

तिसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट. धाकटीची बॅग पायरीवर तयार. बुवांनी डावा हात वर केला, उजवा खिशात घातला आणि लहरींना हाक मारली.

“थांबा, बुवा,” मी पुढे झाले. “गेलेल्या लेकराशी बोलायचं तर हात जोडून बोलावं. दोन्ही हात. खिशात एक हात घालून उभं राहायला आपण काय नाक्यावर उभे आहोत?”

लोक खुसखुसले. बुवांना हात जोडावे लागले.

“हं, आता विचारा.”

त्यांनी विचारलं. दार ढिम्म. पुन्हा विचारलं, मोठ्याने विचारलं, डोळे मिटून, उघडून विचारलं. दार मिटलेलंच.

“या बाईच्या अविश्वासाने लहरी तुटल्या!” बुवा ओरडले आणि हात पुन्हा खिशाकडे निघाला. मी तो मधल्या मध्ये धरला. रोज वर्ग सांभाळून माझी पकड बरी आहे. दुसऱ्या हाताने घरातली किल्ली काढली आणि बटण दाबलं. दार झपकन वर!

“बघा हो, माझ्याही अंगात लहरी आल्या! काकू, तुम्ही घ्या, तुमच्याही अंगात आणून देते.”

काकूंनी भीत भीत बटण दाबलं. मी दार बंद करत राहिले, त्या दाबत राहिल्या, दार उघडत राहिलं. तोवर गल्ला उघडा टाकून आलेल्या दुकानदाराने बुवांच्या खिशात हात घालून दुसरी किल्ली बाहेर काढली. एकच हशा पिकला. मला वाटलं, जिंकले.

“ताई.” धाकटीचा आवाज आला आणि हशा थांबला. ती पायरीवरून उठली होती. “बुवा खोटे असतील. पण पहिल्या दिवशी बुवा नव्हते, कोणी नव्हतं. बटणाने कडी सुटते, ते मलाही माहीत आहे. दार वर कोणी उचललं? इतकी वर्षं मी ते हातांनी उचललंय. ती गेली आणि ते हलकं झालं. सांग ना, कोणी उचललं?”

मला उत्तर येत नव्हतं. बुवांच्या चेहऱ्यावर परत रंग चढायला लागला.

“मी सांगतो,” भाऊजी म्हणाले.

ते गाडीजवळ आले. दाराच्या दोन्ही बाजूंना काळ्या नळ्या असतात, त्यातल्या एकीवर त्यांनी हात ठेवला. “हे शॉकर. यात दाबून भरलेला वायू असतो, तो दांडा बाहेर ढकलतो आणि दार वर धरून ठेवतो. भिंगरीची खुर्ची आत मावेना, म्हणून ती टांगायला मी दाराला बाहेरून लोखंडी चौकट लावली, आठवतंय? दार इतकं जड झालं की जुन्या शॉकरना पेलेना. एकदा धाडकन माझ्या डोक्यात बसलं.”

“आणि ती हसत सुटली होती,” धाकटी म्हणाली.

“हसून हसून खोकला लागला तिला. म्हणाली, ‘बाबा, जास्त जोराचे शॉकर आणा. तुमच्या डोक्यात आहे तेवढं तरी राहू दे.’ मग आम्ही दोघांनी निवडले. तिने मला वजनकाट्यावर उभं केलं, आधी नुसतं, मग चौकट हातात घेऊन. वजाबाकी तिने केली. दुकानात नळीवरचे आकडेही तिनेच वाचले. त्या वजनाला पुरतील असे, चांगले दणकट घेतले.” ते थांबले. “ती गेल्यावर मला आरशात ती रिकामी चौकट दिसायची. गाडी चालवता येईना. एक दिवस तू आत पडली होतीस तेव्हा मी ती काढून शेडमध्ये ठेवली, तुझं तेव्हा कशाकडेच लक्ष नव्हतं. दार हलकं झालं, शॉकर मात्र तेच राहिले. म्हणून कडी सुटली की ते दाराला वर ढकलतात.”

“आणि सकाळी?” काकूंनी विचारलं.

तेवढं उत्तर माझ्याकडे होतं. “थंडीत वायूचा दाब कमी होतो, उन्हात वाढतो. सकाळी तो दार उचलायला जरासा कमी पडतो, दुपारी पुरतो. आत्मा उतरत नाही हो, ऊन चढतं.”

भाऊजींनी शेडमधून चौकट आणली आणि गर्दीसमोर दाराला घट्ट बसवली. मी बटण दाबलं. कट्ट झालं आणि दार जागच्या जागी राहिलं. धाकटी पुढे आली, तिने दोन्ही हात घालून ते उचललं, पूर्वीसारखं. तिचा चेहरा मला बघवेना.

“तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?” तिने नवऱ्याला विचारलं.

“हो.”

“आणि त्याने तुम्हाला मारेकरी ठरवलं, तेव्हाही गप्प राहिलात?”

“तू तिच्याशी बोलत होतीस,” भाऊजी म्हणाले. “मी काय सांगणार होतो? आणि मलाही वाटायचं, असेल माझी चूक. आदल्या रात्रीच दवाखान्यात नेलं असतं तर...”

“रात्री मीच म्हणाले होते ना, झोपलीय, उठवू नका,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “ताई, तुझं बरोबर आहे. सगळं बरोबर आहे. पण आता मी कोणाशी बोलू?”

मी विज्ञान शिकवते. याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं आणि नाही. मी तिला जवळ घेतलं, तर ती नुसती ताठ उभी राहिली. बुवा गर्दीतून सटकले होते, या वेळी खरोखर मौन पाळून. लोक खाली माना घालून पांगले. भाऊजींनी बॅग उचलून आत नेली, तेव्हा तिने त्यांना अडवलं नाही.

माझी बहीण मूर्ख नाही, हे मी तुम्हाला बजावून सांगते. तिचं लेकरू गेलं होतं आणि एक दार हललं. तिच्या जागी तुम्ही-मीही तेच मानलं असतं. मूर्खपणा आम्हा बाकीच्यांचा. दार का उघडतं, हे एवढ्या गर्दीत एकानेही विचारलं नाही, सगळे नुसते ‘उघडलं, उघडलं’ ओरडत राहिले. चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी वाकून खाली बघा, मागे बघा, कोणाचा हात खिशात आहे ते बघा. आणि खरं कारण तुम्हाला ठाऊक असेल, तर समोरच्याच्या दुःखाकडे बघून ते दडवू नका. तुम्ही रिकामी ठेवलेली जागा असला एखादा बुवा भरतो.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं शॉकर बदलायला गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. चौकट पुन्हा काढून ठेवली होती, आणि असं उसळणारं दार एखाद्याचं तोंड फोडायचं. भाऊजी म्हणाले होते, मी एकटा जाऊन येतो, पण धाकटी ऐकेना. दुकानदाराने गाडी पाहिली, नळीवरचा आकडा वाचला आणि चक्रावला.

“एवढे जोराचे कशाला बसवलेत हो? दाराला मागे काही वजन टांगता का?”

भाऊजी नळीवरून हात फिरवत राहिले. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेणार होते.

“टांगत होतो,” धाकटी म्हणाली. “आता काही नाही. साधेच द्या.”

दुकानदार साधा जोड आणायला आत गेला. ती काउंटरवर डोकं टेकून रडायला लागली, मोठमोठ्याने, बुवांच्या त्या फर्मानानंतर पहिल्यांदा, आणि भाऊजी तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.