रत्नाआजींची जिंजी

मित्रांनो, अमेरिकेतल्या पार्सिपनी गावी, एका घरात, जिन्याखालच्या कपाटात, अगदी वरच्या फळीवर माझी जागा आहे. मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे, छोट्या कॅसेटवर चित्र उतरवणारा. तुमच्यापैकी पुष्कळांनी तसली कॅसेट पाहिलीही नसेल. माझी गोष्ट सांगण्यासारखी आहे की नाही, याची मला खात्री नाही. मी आजवर दुसऱ्यांचेच बोलणे टिपत आलो. पण एक आठवण अशी आहे की ती आली की आपली चक्रे आपोआप फिरू लागतील असे मला वाटते. तेवढी सांगून टाकतो.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथली पांढऱ्या हातमोज्यांतली बोटे आठवतात, आणि भिंग बसवताना कोणीतरी रोखून धरलेला श्वास. मग खोका, जहाज, आणि न्यू जर्सीतल्या दुकानाचे काचेचे कपाट. २००३ च्या डिसेंबरात शंतनूने मला विकत घेतले. खरे तर विकत घेतले म्हणणेही बरोबर नाही. तेव्हा आमच्या ओळखीच्या घरांत एक रीतच होती. भारतात जाण्याआधी कॅमेरा आणायचा, सगळी सहल टिपायची, आणि तीस दिवसांच्या आत पावती दाखवून दुकानात परत द्यायचा. म्हणून माझा खोका थर्माकोलसकट बेसमेंटमध्ये जपून ठेवला होता. मी या घरात पाहुणा होतो.

शंतनूचे चेन्नईच्या ऑफिसात काम निघाले होते. त्याची दहा वर्षांची मुलगी अनिका सुट्टी म्हणून बरोबर निघाली. त्याची आई, रत्नाआजी, मात्र घरीच राहणार होत्या. आजींनी कऱ्हाडच्या शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवला होता. दक्षिणेतल्या जिंजीच्या डोंगरी किल्ल्यात राजाराम महाराज मोगलांच्या वेढ्यात सात-आठ वर्षे कसे टिकून राहिले, हे त्या दरवर्षी मुलांना सांगायच्या. बालेकिल्ल्याच्या वाटेवर एक खोल फट आहे. तिच्यावरचा लाकडी पूल काढून घेतला की शत्रू अलीकडेच अडकायचा. तो पूल आजी दरवर्षी फळ्यावर काढायच्या. पाहिला मात्र कधीच नव्हता. आता गुडघे थकले होते, आणि डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास बंद केला होता.

निघताना त्या म्हणाल्या, "शंतनू, मला साडी नको, काही नको. तो पूल तेवढा आण."

"पूल काय आई, पूर्ण किल्ला आणतो. टॉप टू बॉटम!"

आणि मग तो दिवस उजाडला! चेन्नईहून निघालेली मोटार एका वळणावर वळली आणि समोर तीन डोंगर उभे राहिले. कोणी प्रचंड धोंडे एकावर एक रचून ठेवावेत तसे ते डोंगर, आणि त्यांच्या माथ्यांवरून धावत गेलेली तटबंदी. "डॅडी, लुक! इट्स ह्यूज!" अनिका किंचाळली. मला ओरडता आले असते तर मीही ओरडलो असतो.

चूक तिथेच झाली. गाडीतून उतरताना शंतनूने माझे लाल बटण सहज दाबून पाहिले आणि मी चालू झालो. तो ते विसरला. पहिल्या दरवाज्यापाशी त्याने मला डोळ्याला लावून बटण दाबले, तेव्हा मी बंद झालो. दरवाजा "टिपून" झाल्यावर त्याने पुन्हा दाबले आणि मला मनगटाला लटकावले, तेव्हा मी चालू झालो. उन्हात माझ्या पडद्यावरचा लाल ठिपका त्याला दिसेना. सगळा डोंगर असाच उलटा चालला. धान्याची कोठारे, टाक्यातले हिरवे पाणी, अनिकाची बिस्किटे पळवणारे माकड, सारे मी पाहत होतो, पण मला ते ठेवता येत नव्हते. वरती पूल आला. शंतनूने तोही दोनदा, मन लावून, असाच टिपला. माझा जीव नुसता तळमळत होता.

जानेवारीतल्या एका रविवारी बेसमेंटमध्ये पाचसहा कुटुंबे जमली. सहलीची कॅसेट सगळ्यांनी मिळून पाहायची, ही तिथली दुसरी रीत. ऑफिसच्या गडबडीत शंतनूने ती आधी पाहिलीच नव्हती. मला दुकानात परत द्यायला तीन दिवस उरले होते. आजी ठेवणीतली साडी नेसून सर्वांत पुढे बसल्या होत्या.

टीव्हीवर बूट दिसले. मग पायरी. मग पुन्हा बूट.

"शंतनू, किल्ल्यावर गेला होतास की बुटांची ॲड करत होतास?" शेजारचे प्रसन्नकाका म्हणाले, आणि सगळे हसले.

शंतनूचा चेहरा पडला. "सॉरी आई. सगळं उलटं रेकॉर्ड झालंय. थांब, मी बंद करतो."

"हात लावू नकोस," आजी म्हणाल्या. त्या पुढे वाकल्या होत्या. "अरे, पायऱ्या चढताना मी तरी कुठे वर बघते? पायाखालीच बघते ना?"

आणि बसल्या जागी त्यांनी पाऊल उचलले. पडद्यावर पायरी आली की गालिच्यावर त्यांचे पाऊल पडायचे. डावे, उजवे, डावे.

अनिका धावत त्यांच्याजवळ जाऊन बसली. "आजी, वेट! ही स्टेप तुटलीय. हळू!"

"धर मग हात," आजी म्हणाल्या.

खोलीतले हसणे कधी थांबले ते कळलेच नाही. सगळे चढत होते. प्रसन्नकाकांनीसुद्धा हातातली बशी खाली ठेवली. मग पडद्यावरचे दगड संपले आणि फळ्या आल्या. टीव्हीतून शंतनूचा दबका आवाज आला, "अनू, कॅमेरा बंद आहे म्हणून सांगतो. आय ॲम स्केअर्ड टू." छोटे बूट आणि मोठे बूट एकमेकांना चिकटून पुढे सरकले. कडेला क्षणभर खालचा अंधार दिसला. थोडीशीच पावले, आणि पुन्हा दगड आला.

"एवढासाच?" आजी पुटपुटल्या. "मी या टोकापासून त्या टोकापर्यंत सबंध फळाभर काढायचे रे. आणि एवढ्याशा पुलाच्या भरवशावर राहिले होते ते सगळे?" त्यांनी दोन्ही पावले जुळवून टेकवली. "पोचले बाई!"

मग त्यांनी विचारले, "या कॅमेऱ्याचा खोका कुठे आहे?"

शंतनूने तो आणून दिला. आजींनी तो खुर्चीपुढे ठेवला आणि दमलेले दोन्ही पाय त्याच्यावर टेकले. थर्माकोल कर्रकन मोडला. मित्रांनो, मोडण्याचा इतका गोड आवाज मी पुन्हा ऐकला नाही. मी घरचा झालो.

पुढे मी अनेक वाढदिवस आणि गणपती टिपले. माझे कौतुकही झाले. आता २००८ साल आहे, घरात खिशात मावणारा नवा कॅमेरा आला आहे, आणि मी फळीवर आहे. कॅसेट वाचणारे माझे डोके, म्हणजे हेड, धुळीने भरते, तेव्हा चित्रावर रेघा येतात. तरी दोनतीन महिन्यांनी आजी हाक मारतात, "अनू, चल, चढून येऊ." मग पंधरा वर्षांची अनिका फोन बाजूला ठेवते, मला टीव्हीला जोडते आणि त्यांच्या शेजारी बसते.

तुमच्याही घरात माझ्यासारखा कोणी असेल. त्याला अधूनमधून पुसा, थोडे चालवून पाहा. त्याने काय टिपले आहे, हे त्याचे त्यालाही नीट माहीत नसते. आणि मला खाली काढाल तेव्हा एका हाताने ओढू नका, दोन्ही हातांनी उतरवा. माझ्या पोटात आजींचा पूल आहे.