मले खाली उतरवू नोका

मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे. बाभळीचे पाय आणि अंबाडीच्या दोरीची वीण, एवढाच माझा संसार. पण ऐट मात्र पलंगाची! वलगावच्या देवमनने मला स्वतः विणलं आणि बायकोला, सुंदराबाईला, म्हणाला, "बस वं, तुह्यासाठीच हाये." तेव्हापासून मी तिची. तिने माझ्यावर लेकरं निजवली, मिरच्या वाळवल्या. देवमन गेल्यावर मला निंबाखाली ओढून ती दिवसभर माझ्यावरच बसायची.

पुढे सुंदराबाई विसरू लागली. सकाळी डोकं लख्ख, दुपारनंतर सगळा घोळ! सून ललितालाच ती "माय" म्हणायची आणि वेणी घालून मागायची. ललिताही हसत घालून द्यायची.

एकसष्ट साली तिला सणकून ताप आला. हाक मारली तरी ओ देईना. बाजेवर जीव जाऊ द्यायचा नाही, अशी जुनी चाल. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर घराने जुने देव सोडले होते, पण ही चाल हाताला चिकटलेली होती. तिची नणंद, देवमनची बहीण पंचफुला, ओरडली, "उतरवा तिले भुईवर!" उतरवलं. बाया रडू लागल्या. मी रिकामी पडले, काळीज तुटलं हो माझं! तोच सुंदराबाईने डोळे उघडले.

"काहून वं, मले खाली काहून टाकलं? थंडी वाजून राहिली ना! अन् भाकर कुठी हाये?"

रडणाऱ्या बाया पोट धरून हसल्या. तिचा मुलगा धर्मपाल, बडनेऱ्याला रेल्वेत होता तो, मात्र विचारात पडला. ताप उतरल्यावर एका सकाळी त्याने सगळ्यांना निंबाखाली बसवलं.

"माय, तुह्या शेवटच्या येळी आमी काय करावं?"

"जित्या मानसाले असं इचारते काय रे?" पंचफुला कडाडली.

सुंदराबाई मात्र खूश! "बरं इचारलं बापा! दवाखान्यात नेऊ नोका. या बाजेवरून उतरवू नोका, तुह्या बापानं इनली हाये. अन् पंचफुले, तू जात्यावरचं गानं म्हन. मी उद्या इसरीन. तुमी इसरू नोका."

दुपारी तिने सगळ्यांकडे बघून विचारलं, "इथं लगन हाये काय कोनाचं?"

दोन वर्षांनी ती वेळ खरोखर आली. पंचफुलाचे हात तिला उतरवायला सवयीने पुढे झाले. माझा जीव टांगणीला लागला! पण तिने हात मागे घेतले, माझ्या कडेला टेकली आणि जात्यावरचं गाणं गाऊ लागली. कितीतरी दिवस कुणालाच न ओळखणारी सुंदराबाई हसली, ओठ हलवत सूर धरू लागली. तशीच, माझ्यावरच, ती गेली. मला इतका आनंद आणि इतकं रडू एकदम कधी आलं नव्हतं.

मित्रांनो, माझी दोरी सैल झाली तर ओढून पुन्हा ताठ करता येते. माणसाच्या मनातलं मात्र त्याला सांगता येतं तोवरच विचारावं लागतं. घाबरू नका, विचारा. आमच्या घराने विचारलं, म्हणून त्या दिवशी अंगणात उतरवायचं की नाही यावरून भांडण झालं नाही, गाणं झालं.